अनोळखी पुरुष, वय अंदाजे २५ ते ३०

जुईली

हा धागा काढू की नको, असं करत चार महिने गेले.

माझा मधला मामा जुलै १९९५ मध्ये सकाळी डोंबिवलीच्या घरातून बाहेर पडला. दादरला जाऊन येतो म्हणाला, तो परत आलाच नाही. वय २६. मी तेव्हा सात वर्षांची होते. डोक्यावर कर्ज नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. आजोबांनी पोलिसांत मिसिंग दिली, पेपरात फोटो दिला, नातेवाइकांच्या गावी जाऊन आले. मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' सुरू झालं की आमच्या घरात भांड्याचाही आवाज व्हायचा नाही. आजोबा २००८ मध्ये गेले. आजी आता ८६ वर्षांची आहे. दाराला आतून कडी लावायची वेळ आली की ती अजून एकदा बाहेर डोकावते. का डोकावतेस, असं तिला कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी मी ऑस्ट्रेलियातल्या 'सॉमर्टन मॅन'बद्दल वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. १ डिसेंबर १९४८ ला अ‍ॅडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर एक माणूस मेलेला सापडला. कोट-टाय नीट, बूट चकचकीत, खिशात ओळखीचं काही नाही, कपड्यांवरची लेबलं काढलेली. पँटच्या आतल्या छोट्या खिशात कागदाचा एक कपटा होता, त्यावर फारसीत 'संपलं' अशा अर्थाचे दोन शब्द. त्यावरून हेरगिरीच्या किती कहाण्या रचल्या गेल्या! पुरण्याआधी पोलिसांनी त्याच्या डोक्याचा आणि खांद्यांचा प्लास्टरचा साचा घेऊन पुतळा करून ठेवला होता. त्या प्लास्टरमध्ये त्याचे काही केस अडकून राहिले. अ‍ॅडलेड विद्यापीठातले प्राध्यापक डेरेक अ‍ॅबट यांनी त्या केसांतून डीएनए काढून घेतला, कॉलीन फिट्झपॅट्रिक या वंशावळ-तज्ज्ञ बाईंच्या मदतीने लांबच्या नातेवाइकांची झाडं मांडली आणि जुलै २०२२ मध्ये जाहीर केलं की हा मेलबर्नचा कार्ल वेब, जन्म १९०५. हेरबीर कुणी नाही, विजेच्या उपकरणांचं काम करणारा माणूस.

७४ वर्षांनी नाव मिळालं, तेही प्लास्टरमध्ये राहिलेल्या केसांमुळे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तीस वर्षांपूर्वी आपल्याकडे सापडलेल्या बेवारस मृतदेहांची काही नोंद उरलेली असते का? ती घरच्या माणसांना बघता येते का? आणि आजी आहे तोवर तिचा डीएनए कुठे देऊन ठेवता येईल का, म्हणजे पुढेमागे काही सापडलं तर जुळवता येईल? कुणी या कामात असेल तर कृपया लिहा. मामा जिवंत असेल तर फारच चांगलं. पण दोन्ही बाजूंनी शोधायला हवं, असं आता वाटायला लागलंय.

---

सागरगोटा

काय लिहावं सुचत नाही. आजींना नमस्कार सांगा. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतेय.

---

माजी_हवालदार

जुईलीताई, मी लोहमार्ग पोलिसांत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी मध्य रेल्वेवर. जे माहीत आहे ते लिहितो, थोडं कठोर वाटेल.

पहिली गोष्ट. तुमच्या आजोबांनी मिसिंग दिली ती शहर पोलिसांत. डोंबिवलीहून दादरला निघालेल्या माणसाचं वाटेत काही झालं असेल, तर ते प्रेत लोहमार्ग पोलिसांकडे गेलं असणार. ते खातं वेगळं, रजिस्टर वेगळं. आणि तोवर गाडी कुठवर पोचली असेल त्यावर हद्द ठरते. डोंबिवली, ठाणे, कुर्ला, दादर, कुठेही. त्या काळात कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायचा तो बिनतारी संदेशाने आणि शोधपत्रिकेने. शोधपत्रिका निघायची, सगळीकडे जायची, फाइलला लागायची. रोज ती उघडून आपल्याकडच्या मिसिंगशी ताडून बघणारा माणूस प्रत्येक ठाण्यात असायचाच असं नाही. बघणारा असला की ओळख पटायची.

अनोळखी प्रेत सापडलं की अकस्मात मृत्यूची नोंद होते. तेव्हा कलम १७४ होतं, आता नव्या कायद्यात १९४ आहे. मग पंचनामा, फोटो, बोटांचे ठसे, शवविच्छेदन. कपड्यांचं गाठोडं बांधून नंबर टाकून ठेवायचं. काही दिवस शवागारात वाट बघायची, कुणी आलं नाही तर अंत्यविधी उरकायचा. दहन झालं तर पुढे तपासायला काही हाती राहत नाही. दफन झालं असेल तर तत्त्वतः दार उघडं असतं, पण बेवारस दफनाची जागा तीस वर्षांनी दाखवणं अवघड आहे.

आता मनाला लागून राहिलेलं सांगतो. पंचनाम्यात वर्णन कसं लिहायचो आम्ही? 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०, बांधा मध्यम, रंग सावळा, नेसणीस पँट-शर्ट.' या वर्णनात मुंबईतला निम्मा पुरुषवर्ग बसतो. दिवसाला तीन-तीन केसेस असल्या की हात तेवढंच लिहितो. पण ज्या ज्या केसमध्ये ओळख पटली, ती बारीक गोष्टीवरून. २००१ च्या सुमारास एक पुरुष होता, चेहरा राहिलेला नव्हता. माझ्याबरोबरच्या शिपायाने कॉलर उलटी करून बघितली तर शिंप्याची चिंधी शिवलेली, जत तालुक्यातल्या एका गावाचं नाव. शिंप्याला कार्ड टाकलं. पंधरा दिवसांनी भाऊ आला. अंत्यविधी होऊन गेला होता. त्याच्या हातात फोटो आणि गाठोडं दिलं. तो गाठोडं मांडीवर घेऊन फलाटावर संध्याकाळपर्यंत बसून होता.

तुम्ही एक करा. आजींना विचारा, त्या दिवशी त्याच्या अंगात नेमकं काय होतं. बटणापर्यंत विचारा. गोंदण, करगोटा, जुनी जखम, सगळं. लिहून ठेवा.

---

मीठभाकर

माझा प्रश्न बाळबोध असेल. आता सगळ्यांचं आधार आहे. मृतदेहाचा अंगठा लावला की नाव यायला काय हरकत आहे?

---

पेशीजाल

@मीठभाकर, हा प्रश्न सगळेच विचारतात, त्यामुळे बाळबोध नाही. आधारची यंत्रणा 'हा नंबर याच माणसाचा आहे ना?' एवढं तपासते. 'हा अंगठा कुणाचा?' असं सगळ्या देशात शोधायला ती दिलेली नाही. शिवाय २०१६ च्या आधार कायद्यानुसार बोटांचे ठसे आणि बुबुळांची माहिती कुठल्याही कारणासाठी कुणालाही देता येत नाही. पोलिसांकडे गुन्हेगारांच्या ठशांचा साठा आहे, त्यात शोधता येतं. म्हणजे कधीतरी अटक झालेला माणूस मेल्यावर सापडायची शक्यता जास्त. सरळमार्गी माणसाची कुठेच नोंद नसते. मला हे फार टोचतं.

जुईली, मी डीएनए प्रयोगशाळेत काम करते (सरकारी नाही). तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

ओळख पटवायला दोन टोकं लागतात. एक मृताचं, एक घरच्यांचं. प्रयोगशाळेचं काम मधल्या पुलाचं. जुन्या हाडांतून, विशेषतः दातांतून आणि मांडीच्या हाडातून, डीएनए मिळू शकतो. पेशीच्या केंद्रकातला डीएनए जुना झाला की तुटून तुकडे होतात. पण पेशीत मायटोकाँड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून तो जास्त टिकतो. आणि तो फक्त आईकडून येतो.

म्हणजे तुमच्या मामाला तो आजीकडून मिळाला. तुमच्या आईलाही तोच मिळाला. आईकडून तुम्हाला. तुमच्या मामाचा मायटोकाँड्रियल डीएनए आत्ता तुमच्या अंगात आहे, जुईली. आजीचा नमुना सर्वांत मोलाचा, कारण आई-मुलगा हे नातं केंद्रकातल्या डीएनएवरूनही ठामपणे सांगता येतं. पण आजीनंतर सगळं संपतं असं नाही, हे मनाशी असू द्या.

अडचण पुढे आहे. तुमचा नमुना द्यायचा कुठे? आपल्याकडे हरवलेल्यांच्या नातेवाइकांचा आणि अनोळखी मृतांचा असा एकत्र राष्ट्रीय डीएनए साठा नाही. २०१९ मध्ये लोकसभेत डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचं विधेयक आलं होतं. त्यात 'हरवलेल्या व्यक्ती' आणि 'अनोळखी मृत' अशा दोन वेगळ्या सूची होत्या. त्याच विधेयकात आरोपी आणि कच्च्या कैद्यांच्याही सूची होत्या, त्यावरून खासगीपणाचे आक्षेप आले. मला ते आक्षेप रास्त वाटतात. विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. त्याबरोबर या दोन सूचीही गेल्या. निदान तेवढ्या वेगळ्या काढून करता आल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. स्वतःहून रक्त द्यायला आलेल्या आईच्या खासगीपणाचा प्रश्न आरोपीच्या प्रश्नासारखा नाही.

सध्या होतं ते असं: एखादं विशिष्ट प्रेत आणि एखादं विशिष्ट कुटुंब यांचा संबंध असावा असा संशय पोलिसांना आला, की ते दोन्ही नमुने कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पाठवतात. संशय आधी, चाचणी नंतर.

---

रानजाई

मी न्यू जर्सीत असते. इकडे नेमकं उलटं चालतं, संशय नसताना शोधायचं. एक केस सांगते, ती माझ्या मनातून जात नाही.

एप्रिल १९८१ मध्ये ओहायोत रस्त्याकडेच्या चरात एका तरुण मुलीचा मृतदेह सापडला. अंगात हरणाच्या कातड्याचं झालरीचं जॅकेट, केसांच्या दोन वेण्या. नाव नाही म्हणून तिला सगळे 'बकस्किन गर्ल' म्हणायचे. ३७ वर्षं. २०१८ मध्ये 'डीएनए डो प्रोजेक्ट' नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यातून तिचा डीएनए वाचला आणि वंशावळीच्या हौसेने लोक आपला डीएनए जिथे टाकतात त्या 'जेडमॅच'वर टाकला. जवळचे चुलत नातेवाईक लगेच मिळाले, काही तासांत नाव हाती आलं. सॉमर्टनच्या कामातल्या फिट्झपॅट्रिक बाई याच गटाच्या संस्थापकांपैकी.

तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं की तिची आई हयात आहे, आणि मुलगी कधीतरी फोन करेल म्हणून तिने इतक्या वर्षांत घर बदललं नाही, फोन नंबरही बदलला नाही.

आजी कडी लावताना डोकावतात हे वाचलं आणि हेच आठवलं.

पण जुईली, हा मार्ग आपल्याकडे लगेच चालेल असं नाही. त्या साठ्यात बहुतेक युरोपीय वंशाचे लोक आहेत. आपली माणसं फार थोडी, तीही आमच्यासारखी परदेशात गेलेली. आणि चौथ्या पिढीपर्यंत नावं शोधायला तिथे चर्चच्या नोंदी, जनगणनेचे कागद आहेत. आपल्याकडे गंगेवरच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, त्याही किती जणांच्या?

---

जुनी_कात्रणं

हवालदारसाहेबांनी बटणाचं लिहिलं, त्यावरून एक जुनी केस. यात मुंबईचा धागा आहे.

सप्टेंबर १९३५. स्कॉटलंडमध्ये मॉफॅट गावाजवळच्या ओढ्यात पुलाखाली कागदा-कापडात गुंडाळलेले मानवी अवयव सापडले. दोन बायकांचे, ओळख पुसण्यासाठी मुद्दाम कापलेले. करणारा मुंबईत जन्मलेला, मुंबईतच डॉक्टरी शिकलेला पारशी, इंग्लंडात बक रक्स्टन नावाने लँकेस्टरला दवाखाना चालवणारा. मृत होत्या त्याच्या मुलांची आई आणि घरातली तरुण मोलकरीण.

ती केस दोन गोष्टींसाठी वाचावी. कवटीच्या छायाचित्रावर हयातीतला फोटो बेतून बघण्याची पद्धत तिथे गाजली. पण फोटो खऱ्या मापाचा कसा करायचा? फोटोत त्या मुलांच्या आईच्या डोक्यावर नक्षीचा मुकुट होता. पोलिसांनी तोच मुकुट शोधून काढला, मोजला आणि त्या मापाने फोटो मोठा केला. आपल्याकडे राजीव गांधी हत्येच्या तपासात हीच कवटी-फोटो पद्धत तमिळनाडूचे न्यायसहायक तज्ज्ञ पी. चंद्रशेखरन यांनी वापरली.

दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. अवयव ज्यात गुंडाळले होते त्या कपड्यांत एक जुना ब्लाउज होता. काखेत ठिगळ लावलेला. मोलकरणीच्या सावत्र आईने तो ओळखला, कारण ते ठिगळ तिनेच लावलं होतं. मोठमोठे प्राध्यापक कवट्या मोजत होते, आणि ही बाई म्हणाली, हा टाका माझा आहे.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. जुईली, तीस वर्षांपूर्वीच्या मृतदेहांच्या नोंदींबद्दल तुम्ही विचारलंत. आमच्या जुन्या गोव्यात ४०० वर्षांच्या हाडाला नाव मिळालं.

जॉर्जियाची राणी केतेवान. १६२४ मध्ये इराणच्या शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने तिला हाल करून मारलं. ऑगस्टीनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष गोव्यात आणून आपल्या मठात ठेवले, असं पोर्तुगीज कागदांत होतं. मठाचं चर्च पुढे कोसळलं, आज तिथे फक्त तो उंच तुटका मनोरा दिसतो. पुरातत्त्व खात्याने त्या कागदांतल्या वर्णनावरून ढिगाऱ्यात जागा शोधली, हाताचं हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए वाचला. जो गट निघाला तो त्यांच्याकडच्या २२,००० हून अधिक भारतीय नमुन्यांत कुणाचाच नव्हता, आणि जॉर्जियाच्या ३० माणसांत दोघांचा होता. जुलै २०२१ मध्ये भारताने अवशेष जॉर्जियाला भेट दिले.

ती राणी होती, तिची आठवण ठेवणारा एक देश मागे होता. पण मला वाटतं मुद्दा कागदाचा आहे. कुणीतरी लिहून ठेवलं होतं, खिडकीपाशी, अमुक बाजूला. म्हणून पुढे प्रयोगशाळेला काम मिळालं.

---

कृष्णाकाठ_सांगली

राग मानू नका. आजी ८६ वर्षांच्या आहेत. आशेवर दिवस जातायत. आता जाऊन त्यांना प्रेताचे कपडे विचारायचे? माझ्या चुलत्यांच्या बाबतीत आम्ही सात वर्षांनी कोर्टातून मृत्यू मानून घेतला, जमिनीच्या वाटपासाठी. त्या दिवशी काकूने कुंकू पुसलं. आधीची काकू पुन्हा दिसली नाही. न कळणंच बरं असतं काही वेळा.

---

माजी_हवालदार

@कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं खोटं नाही. मी दार वाजवून बातमी दिलेली आहे, कित्येकदा. पण एक पाहिलंय. तुमच्या काकूंना कोर्टाने कागद दिला, बातमी दिली नाही. नुसत्या कागदावर कुंकू पुसायला लागणं फार वाईट. ज्यांना गाठोडं मिळालं ते रडले, तेरावं केलं, वर्षश्राद्ध घातलं. ज्यांना मिळालं नाही ते वर्षानुवर्षं चौकीवर येत राहिले. एक म्हातारे दर गुरुवारी यायचे. मी बदलून गेलो तेव्हाही येत होते.

---

दाढदुखी

दंतवैद्य आहे, थोडक्यात लिहितो. दात आगीतही बऱ्यापैकी टिकतात, पण ताडून बघायला हयातीतली नोंद लागते आणि आपल्याकडे ती फार कमी दवाखाने जपतात. घरात जुने एक्स-रे असतील तर टाकू नका. सायनससाठी काढलेला डोक्याचा एक्स-रेसुद्धा चालतो. कपाळामागच्या पोकळ्यांचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यावरून ओळख पटते. लहानपणी हात मोडला असेल तर हाडावर सांधल्याची खूण राहते. मामांचं असं काही होतं का?

---

जुईली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आजीशी बोलायचा धीर होत नव्हता.

आधी कागदाचं सांगते. एका ठाण्यात आजोबांच्या मिसिंगची नोंद मिळाली, मात्र वर्णन दीड ओळीचं. हवालदारकाका, तुम्ही लिहिलंत तसंच: 'पँट-शर्ट'. लोहमार्ग पोलिसांच्या दोन ठिकाणी अर्ज दिलाय, जुलै आणि ऑगस्ट १९९५ च्या अकस्मात मृत्यूच्या नोंदी बघू द्याव्यात म्हणून. एका ठिकाणच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, जुनं दप्तर काढायला वेळ लागेल म्हणाल्या. मुंबई रेल्वे पोलिसांचं 'शोध' नावाचं संकेतस्थळही पाहिलं. अनोळखी मृतांचे फोटो बघायला दोन रात्री लागल्या. आमचं त्यात काही नव्हतं, पण प्रत्येक फोटोमागे एक दार आहे असं वाटत राहिलं.

@दाढदुखी, एक्स-रे नाही. पण दहावीत असताना डावा हात मनगटाच्या वर मोडला होता, आईला पक्कं आठवतं.

@पेशीजाल, तुमचं ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती स्वतःच्या हाताकडे बघत बसली.

रविवारी आजीला विचारलं. घाबरत, आडून आडून. ती मध्येच म्हणाली, "सरळ विचार की. तीस वर्षांत कुणी विचारलं नाही मला. पोलीस आले तेव्हा तुझ्या आजोबांशीच बोलले, मी आत चहा करत होते."

आणि तिने सांगितलं. मी जसंच्या तसं उतरवलं, अर्जाला जोडलंय, इथेही देते. न जाणो, कुणाच्या जुन्या डायरीत काही असेल.

पँट राखाडी, पायाशी दुमड उसवून लांब केलेली, जुन्या दुमडीची रेघ दिसायची. शर्ट पांढरा, बारीक निळ्या उभ्या रेघांचा, शिंप्याकडून शिवलेला. खिसा एकच, डावीकडे, त्याला शाईचा डाग. कमरेला काळा करगोटा, गाठ पुढे. पायात अंगठ्याची चप्पल, उजवीचा अंगठा नव्याने शिवलेला. डाव्या कोपराखाली दुधाने भाजल्याचा डाग, रुपयाएवढा. वरून तिसरं बटण निघताना तुटलं, तिने तो अंगात असतानाच लावून दिलं. पांढरं रीळ सापडेना, त्याची गाडी चुकत होती, म्हणून हाताला लागला त्या दोऱ्याने.

मी वही मिटली तर तिने हात धरला.

"दोऱ्याचा रंग लिहिलास का? हिरवा होता."